पायांआधी नकाशा : फेल रनिंगमध्ये नव्यानं उतरणाऱ्यांसाठी

फेल रनिंगच्या, म्हणजे उघड्या डोंगरावर धावण्याच्या, अस्सल शर्यतीत वाट कुणी आखून देत नाही. सुरुवात कुठे, शेवट कुठे आणि मध्ये कोणत्या चौक्या गाठायच्या, एवढंच सांगतात. दोन चौक्यांच्या मध्ये ओढ्याकाठानं जायचं, सोंड धरायची की सरळ डोंगर तुडवायचा, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. धुकं उतरलं की हा निर्णय वीस-तीस मीटर दिसत असताना घ्यावा लागतो, तोही धापा टाकत.

ब्रिटनमध्ये शिकायला किंवा नोकरीला आलेले बरेच मराठी लोक रस्त्यावर छान धावतात, सह्याद्रीत भटकलेले असतात आणि तरी वायव्य इंग्लंडातल्या लेक डिस्ट्रिक्टच्या उघड्या डोंगरावर गोंधळतात. त्यात नवल नाही. सह्याद्रीत कडे इतके उभे की वाट बहुधा एकच असते, ती सापडली की काम झालं. इथल्या गवताळ, गोलसर फेलवर जवळपास कुठूनही जाता येतं आणि फसवतं ते हेच. म्हणून या खेळाचा पहिला नियम मी असा सांगेन : नकाशा वाचता येईल त्याहून जास्त वेगानं धावायचं नाही. पुढचं बरंचसं या एका नियमाचंच काम आहे.

खेळाची तोंडओळख

उत्तर इंग्लंडात उंच, मोकळ्या डोंगराला फेल म्हणतात. या शर्यतींची घडी बसवणारी संस्था म्हणजे फेल रनर्स असोसिएशन, म्हणजेच एफआरए, स्थापना १९७०. तिच्या कॅलेंडरमध्ये प्रत्येक शर्यतीपुढे दोन अक्षरं असतात. पहिलं चढाचं : 'ए' म्हणजे सरासरी किलोमीटरमागे किमान ५० मीटर चढ, 'बी' म्हणजे किमान २५, 'सी' म्हणजे किमान २०. दुसरं लांबीचं : 'एस' १० किलोमीटरपर्यंत, 'एम' १० ते २०, 'एल' त्याहून लांब. म्हणजे 'एएल' दिसलं की नवख्यानं पुढचं पान उलटावं.

त्याखेरीज काही खुणा असतात आणि नवख्यासाठी त्या या दोन अक्षरांहून महत्त्वाच्या. 'पीएम' म्हणजे मार्ग काही ठिकाणी झेंड्यांनी दाखवलेला. 'एलके' म्हणजे स्थानिक माहिती असेल तर फायदा. 'एनएस' म्हणजे नकाशा-होकायंत्र येणं आवश्यक. 'ईआर' म्हणजे डोंगरातल्या शर्यतींचा पूर्वानुभव आवश्यक. हा लेख 'एनएस'पर्यंत पोचवण्यासाठी आहे.

या सगळ्याच्या शिखरावर जी गोष्ट आहे तिचं नाव कानावर पडेलच : बॉब ग्रॅहम राउंड. केझिक गावातल्या मूट हॉलपासून निघून ४२ शिखरं करायची आणि २४ तासांच्या आत तिथेच परतायचं. केझिकमध्ये गेस्ट हाउस चालवणाऱ्या बॉब ग्रॅहमनं हे १९३२ च्या जूनमध्ये केलं. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये पीक डिस्ट्रिक्टमधल्या किंडर स्काउटवर शेकडो लोक जमीनदारांची बंदी मोडून चढले होते. आज इंग्लंड आणि वेल्समध्ये मोकळ्या डोंगरावर वाट सोडून हिंडण्याचा जो हक्क आहे, त्याचा २००० सालचा कायदा त्या चळवळीचंच उशिरा आलेलं फळ. स्कॉटलंडचा कायदा वेगळा, २००३ चा, आणि जास्त उदार. आपल्या खेळाला हे हक्क लागतातच, कारण वाट सोडता आली नाही तर मार्ग निवडायचा प्रश्नच उरत नाही.

नकाशा कोणता घ्यायचा

दोन पर्याय आहेत. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा एक्स्प्लोरर, १:२५,००० प्रमाणाचा. लेक डिस्ट्रिक्टसाठी ओएल ४, ५, ६ आणि ७ असे चार नकाशे लागतात. दुसरा हार्वी कंपनीचा, १:२५,००० किंवा १:४०,०००, न फाटणाऱ्या प्लास्टिकवर छापलेला. शर्यतीत मला हार्वी आवडतो. त्यावर गर्दी कमी आहे, भिंत आणि कुंपण वेगळं ओळखता येतं आणि भिजला तरी चालतो. पण शिकायला एक्स्प्लोरर घ्या. त्यावर ग्रिडच्या रेघा ठसठशीत आहेत, चार सेंटिमीटरचा चौकोन म्हणजे एक किलोमीटर हे डोळ्यांत बसतं.

एक्स्प्लोररवर तीन गोष्टी नवख्याला हमखास चकवतात. हिरवी तुटक रेघ म्हणजे सार्वजनिक वाटेचा कायदेशीर हक्क; जमिनीवर तिथे पायवाट असेलच असं नाही. जमिनीवर दिसणारी वाट काळ्या तुटक रेघेनं दाखवतात. काळे ठिपके ही पॅरिशची, म्हणजे गावाची हद्द असू शकते, तिला वाट समजून लोक दलदलीत शिरतात. आणि बारीक सलग काळी रेघ ही भिंत किंवा कुंपण, वाट नव्हे. नकाशाच्या कडेची सूची एकदा चहा पिताना शांतपणे वाचून काढा, एवढ्यात हे सगळं सुटतं. फिकट पिवळसर छटा असलेली जमीन म्हणजे मुक्त प्रवेशाची जमीन, बाकी ठिकाणी वाटेवरच राहायचं.

कंटूर

बहुतेक जण आधी होकायंत्र विकत घेतात आणि त्याच्याशी खेळत बसतात. माझं मत उलटं आहे. होकायंत्र तासाभरात शिकता येतं. समोच्च रेषा, म्हणजे कंटूर, वाचायला महिने लागतात आणि फेलवर नव्वद टक्के काम तेच करतात. वाटा बदलतात, कुंपणं पडतात, झाडं तोडली जातात. डोंगराचा आकार तिथेच असतो.

कंटूर म्हणजे समुद्रसपाटीपासून सारख्या उंचीवरच्या जागा जोडणारी रेघ. डोंगराळ भागातल्या एक्स्प्लोररवर दोन रेघांत साधारणपणे १० मीटरचा फरक असतो, हार्वीवर १५ मीटरचा. दर पाचवी रेघ जाड. नकाशा हातात आला की आधी हा आकडा तपासा, नाहीतर चढ दीडपटीनं चुकतो. एक सेंटिमीटरात अशा दहा बारीक रेघा मोजल्यात तर अडीचशे मीटर अंतरात शंभर मीटर चढ आहे. तिथे धावणं सोडा, गुडघ्यावर हात टेकून चालायचं.

आता आकार. रेघांची टोकं उंच बाजूकडे शिरलेली दिसली की ती घळ किंवा ओढ्याची दरी. उतारावर पुढे आलेली दिसली की सोंड. घळ की सोंड असा घोळ झाला तर कंटूरवर छापलेला आकडा पाहा. आकड्याचं डोकं नेहमी चढाच्या बाजूला असतं. दोन बंद वर्तुळांच्या मधली चिंचोळी जागा म्हणजे खिंड, इथल्या बोलीत हॉझ. रेघा माथ्याजवळ दाट आणि पायथ्याला विरळ असतील तर उतार अंतर्वक्र, खालून माथा दिसतो. उलट असतील तर उतार फुगीर, खालून माथा दिसत नाही आणि 'आलं, आलं' म्हणत तुम्ही तीन खोट्या शिखरांवर जीव काढता.

हे घरबसल्या शिकता येतं, पण अर्धंच. खरी रीत अशी : एखाद्या स्वच्छ दिवशी ओळखीच्या डोंगरावर चालत जा. होय, चालत. दर पाच मिनिटांनी थांबा आणि नकाशाकडे बघून आधी सांगा की पुढच्या दोनशे मीटरांत काय होणार आहे : उतार मंदावेल, डावीकडे घळ लागेल, मग सपाटी. नंतर जाऊन पाहा. आधी भाकीत, मग जमीन, हा क्रम सोडायचा नाही. उलट केलं, म्हणजे जे दिसतंय ते नकाशावर शोधायला गेलं, तर मन कोणतीही घळ कोणत्याही घळीशी जुळवून टाकतं. वाट चुकलेल्या माणसाला सगळं 'बरोबर'च दिसत असतं.

अंगठा

नकाशा चोवीस घड्यांचा उघडून वाऱ्यात धरायचा नसतो. लागेल तेवढा भाग बाहेर राहील असा तळहाताएवढा दुमडा. मग तो दिशेला लावा, म्हणजे नकाशाची उत्तर जमिनीच्या उत्तरेकडे येईपर्यंत फिरवा. नावं उलटी दिसतील, दिसू द्या. नकाशावर जे उजवीकडे ते जमिनीवरही उजवीकडे असणं जास्त मोलाचं.

अंगठ्याचं टोक तुम्ही आत्ता जिथे आहात तिथे ठेवा. भिंत ओलांडली, अंगठा सरकवला. ओढा ओलांडला, पुन्हा सरकवला. धावताना नजर टाकली की दोन सेकंदांत जागा सापडली पाहिजे; नाही सापडली तर वेग जास्त आहे. अनुभवी धावपटू वारंवार आणि थोडं थोडं बघतात, नवखा क्वचित आणि बराच वेळ बघतो. सुरुवातीला दर मिनिटाला बघायची सक्ती करून घ्या.

टप्पा कसा तोडायचा

दोन चौक्यांमधलं अंतर एकदम डोक्यात घ्यायचं नाही. निघण्यापूर्वी त्याचे तुकडे करायचे, आणि ते करताना तीन प्रकारच्या खुणा शोधायच्या. इथले धावपटू त्यांना जी नावं देतात ती तशीच वापरतो, कारण कोणत्याही क्लबात तीच ऐकू येतील.

हँडरेल म्हणजे जिच्या कडेकडेनं जाता येईल अशी लांबट गोष्ट : ओढा, भिंत, धार, कड्याचा काठ. ती सोबत असेपर्यंत बिनधास्त वेगात धावा, नकाशाला उसंत द्या. अटॅक पॉइंट म्हणजे चौकीच्या अलीकडची ठळक, न चुकणारी जागा : भिंतीचा कोपरा, दोन ओढ्यांचा संगम, छोटं तळं. तिथपर्यंत वेगात, तिथून पुढे सावकाश आणि काटेकोर. कॅचिंग फीचर म्हणजे चौकी मागे पडली हे सांगणारी खूण : पलीकडची वाट, अचानक तुटणारा उतार. ती दिसली की थांबा आणि मागे फिरा.

या तिन्हींत नवखे कॅचिंग फीचर विसरतात आणि सगळ्यात महाग तेच पडतं. अटॅक पॉइंट चुकला तर पाच मिनिटं जातात; कॅचिंग फीचर ठरवलंच नसेल तर भलत्या दरीत उतरून टॅक्सीनं परत यावं लागतं. स्कॅफेल पाइक या शिखराच्या वाटेवरची एस्क हॉझ ही जागा यासाठी प्रसिद्ध आहे. चहूबाजूंच्या दऱ्यांतून आलेल्या वाटा तिथे जवळजवळ एकत्र येतात, धुक्यात सगळ्या सारख्याच रुंद आणि सारख्याच ठाम दिसतात, आणि दहा मिनिटं उतरल्यावरही काही खटकत नाही. 'खिंडीतून निघाल्यावर दिशा आग्नेय हवी आणि डाव्या हाताला ओढा हवा' असं काहीतरी आधी ठरवलेलं असेल तरच माणूस शंभर मीटरांत सावध होतो.

आणखी एक युक्ती. लक्ष्य एखाद्या भिंतीवर किंवा ओढ्यावर असेल तर नेमकं त्याच्यावर नेम धरू नका. मुद्दाम थोडं डावीकडे रोख ठेवा. भिंत लागली की उजवीकडे वळायचं हे पक्कं. नेमका रोख धरलात आणि भिंत लागली पण चौकी दिसली नाही, तर डावीकडे शोधू की उजवीकडे, यातच वेळ जातो.

होकायंत्र

पारदर्शक पट्टीवर फिरती डबी असलेलं साधं होकायंत्र पुरतं. पट्टीची कड नकाशावर 'इथून तिथे' अशी ठेवा, पट्टीवरचा बाण जायच्या दिशेला. डबी फिरवा, तिच्यातल्या रेघा ग्रिडच्या उभ्या रेघांना समांतर आणि डबीतली उत्तर नकाशाच्या उत्तरेला. आता होकायंत्र उचला, पोटासमोर आडवं धरा आणि डबीला हात न लावता स्वतः फिरा, सुईचं लाल टोक डबीतल्या लाल बाणात येईपर्यंत. पट्टीचा बाण दाखवतो तिकडे जायचं. सध्या ब्रिटनच्या बहुतेक भागात सुईची उत्तर आणि ग्रिडची उत्तर यांत एक-दोन अंशांहून जास्त फरक नाही, त्यामुळे धावपटूनं त्या दुरुस्तीच्या भानगडीत पडू नये.

चुका दोनच होतात, पण पूर्ण १८० अंशांच्या. पट्टी उलटी ठेवली जाते किंवा डबीची उत्तर नकाशाच्या दक्षिणेला जाते. उपाय सोपा : मोजण्यापूर्वी तोंडानं अंदाज सांगा, 'वायव्य, म्हणजे तीनशेच्या वर काहीतरी'. डबीवर १३५ दिसलं की चूक लगेच कळते.

धावताना सुईकडे टक लावायची नसते. दिशा मिळाली की त्या रोखानं समोरचा एखादा दगड किंवा गवताचा झुपका निवडा, तिथवर धावा, मग पुढचा निवडा. धुक्यात हे झुपके वीस मीटरांवर असतील, चालेल. आडव्या उतारावर माणूस नकळत खाली घसरत जातो, म्हणून खूण किंचित वरच्या बाजूची निवडावी.

होकायंत्र आणि फोन एकाच खिशात ठेवू नका. फोनच्या, आणि विशेषतः त्याच्या कव्हरच्या, चुंबकानं सुई कायमची उलटू शकते. स्कॉटलंडमधल्या स्काय बेटावरच्या कुलिन डोंगरांत तर खडकच चुंबकीय आहे, तिथे सुईवर भिस्त ठेवता येत नाही.

वरून की वळसा घालून

१८९२ साली विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं चालणाऱ्यांसाठी एक हिशेब मांडला : दर तीन मैलांना एक तास, शिवाय दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. धावपटूला त्यातले तास कामाचे नाहीत, गुणोत्तर मात्र सोन्यासारखं आहे. दोन हजार फूट चढ म्हणजे तीन मैल सपाटी, म्हणजे एक मीटर चढ साधारण आठ मीटर सपाटीइतका महाग.

समजा दोन चौक्यांच्या मध्ये ६० मीटर उंचीचा उंचवटा आहे. वरून गेलात तर ६० गुणिले ८, म्हणजे ४८० मीटरांचा भुर्दंड. वळसा त्याहून कमी असेल तर वळसा घ्या. नकाशावर हे दहा सेकंदांत मोजता येतं : मधल्या कंटूर मोजून चढ मीटरमध्ये काढा, आठनं गुणा, आणि वळशाची जादा लांबी बोटानं मापा.

पण जमीन हिशेब बिघडवते. जून ते सप्टेंबर ब्रॅकन हे नेचं कमरेपर्यंत वाढतं आणि त्यातून धावणं अशक्य होतं. गवताच्या ढेकळांतून घोटा मुरगळतो. तीव्र उतारावर आडवं जाणं नकाशावर स्वस्त दिसतं आणि पायांना महाग पडतं. उलट मेंढ्यांनी आणि धावपटूंनी पाडलेली पुसट वाट, जिला इथे ट्रॉड म्हणतात, सापडली तर वळसा हमखास फायद्याचा. हे शिकवून येत नाही. एकाच टप्प्याला दोघांनी दोन मार्गांनी जायचं आणि पलीकडे घड्याळ ताडून बघायचं, हा यातला सगळ्यात मजेचा सराव.

सरावासाठी एक टप्पा

लेक डिस्ट्रिक्टमधल्या ग्रेट लँगडेल दरीतून स्टिकल टार्न या तळ्यापर्यंत चढा, वाट मळलेली आहे. हवा स्वच्छ असेल तेव्हाच जा, सोबत एक जण असू द्या आणि नकाशा ओएल ६ की ७ हे आधी बघून ठेवा, कारण लँगडेल दोन्हींच्या कडेला येतं.

तळ्याला उत्तरेकडून ब्राइट बेक हा ओढा मिळतो. तो तुमचा हँडरेल. त्याच्या काठानं वर जा, अंगठा सरकवत. ओढा लहान होत जातो, उतार मंदावतो आणि तुम्ही एका रुंद, गवताळ पठाराच्या कडेला येता. इथून ७३६ मीटर उंचीचं सार्जंट मॅन गाठा. ते म्हणजे पठाराच्या कडेवर उठून दिसणारा खडकाचा लहानसा उंचवटा, आपला अटॅक पॉइंट.

आता खरा अभ्यास. तिथून ७६२ मीटरचं हाय रेज साधारण वायव्येला, पाऊण किलोमीटरहून थोडं जास्त. मध्ये फारसं काहीच नाही, आणि म्हणूनच ही जागा निवडली. निघण्यापूर्वी बेअरिंग, म्हणजे होकायंत्रावरची दिशा, घ्या आणि कॅचिंग फीचर ठरवा : माथ्याच्या पलीकडे पश्चिमेला जमीन लँगस्ट्रॅथ दरीकडे झपाट्यानं तुटते, म्हणजे पायाखाली उतार सुरू झाला की तुम्ही पुढे गेलात. या अंतरावर पाच अंशांची चूक झाली तर सुमारे ७५ मीटर बाजूला निघाल. स्वच्छ हवेत हसून सोडून द्याल, धुक्यात शिखर दिसणारही नाही.

जाताना पावलं मोजा. फक्त डावं पाऊल पडेल तेव्हा. शंभर मीटरांना तुमची किती पडतात हे आधी सपाटीवर, चढावर आणि उतारावर वेगवेगळं मोजून ठेवलेलं हवं. चालताना साठ-पासष्टच्या आसपास येतील, धावताना बरीच कमी. हा आकडा प्रत्येकाचा वेगळा, दुसऱ्याचा उसना घेऊ नये.

हाच टप्पा परतीला करा. मग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. मग हलक्या धुक्यात. पळायचं कधी? चालत एकही चूक न होता जमलं की. नंतर पाय जमिनीत कमी आणि दलदलीत जास्त असतात, तेव्हा डोक्याचं काम सवयीवर चाललेलं बरं.

आणखी स्वस्त शाळा हवी असेल तर ओरिएंटिअरिंगला जा. देशभर क्लब आहेत, ठरलेल्या दिवशी जाऊन नाव नोंदवता येतं. कोर्सना रंगांची नावं असतात : प्रौढ नवख्यानं ऑरेंजपासून सुरू करावं, मग लाइट ग्रीन. त्यांचे नकाशे मोठ्या प्रमाणाचे, बहुधा १:१०,००० चे, आणि खुणाही वेगळ्या. पांढरा रंग तिथे धावता येण्याजोगं जंगल दाखवतो. पण तासाभरात पंधरा-वीस चौक्या शोधायला मिळतात, म्हणजे फेलवरच्या महिनाभराचे निर्णय एका दुपारी.

वाट चुकलात तर

थांबा. हे सगळ्यात कठीण आहे, कारण पाय पुढे जाऊन खात्री करून घ्यायला सांगतात. शंभर मीटर पुढे गेल्यावर नक्की कळेल असं वाटतं, पण कळत नाही, फक्त चूक शंभर मीटरांनी वाढते.

नकाशा दिशेला लावा. शेवटची खात्रीची जागा कोणती आणि तिथून निघून किती वेळ झाला? तेवढ्या वेळात जाऊ शकाल त्याहून लांब तुम्ही असणं शक्य नाही, म्हणजे नकाशावर एक लहानसं वर्तुळ उरतं. मग उताराची दिशा घ्या : सरळ खाली तोंड करून होकायंत्र बघा. उतार ईशान्येला जात असेल तर वर्तुळातले बाकी सगळे उतार बाद. अनेकदा एवढ्यावर जागा सापडते. नाही सापडली तर शेवटच्या खात्रीच्या जागेकडे परत फिरा. मागे जायला लाजू नका.

घड्याळातलं जीपीएस? डोंगरात फोन आणि जीपीएस असावं, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र ते पिशवीत, सुटकेसाठी. सरावात दर वेळी बाण बघितला तर डोकं शिकत नाही, आणि बऱ्याच शर्यतींत मार्ग शोधायला ते वापरायची मनाई असते. संध्याकाळी घरी आल्यावर मात्र घड्याळातली रेघ नकाशावर ठेवून पाहा. आपण कुठून गेलो असं वाटत होतं आणि प्रत्यक्षात कुठून गेलो, यातला फरक भलताच बोलका असतो.

सामान आणि हवा

खोल खुबे असलेले फेलचे बूट, रस्त्यावरचे चालत नाहीत. शिवण टेप केलेलं, टोपी जोडलेलं वॉटरप्रूफ जॅकेट आणि वॉटरप्रूफ पँट, टोपी, हातमोजे, नकाशा, होकायंत्र, शिट्टी, अडीअडचणीचं खाणं. लांब शर्यतींत हे सक्तीचं असतं आणि तपासलंही जातं. सरावाला जाताना यात एक गरम थर आणि फॉइलची पिशवी वाढवा, कारण तिथे तपासणारं कुणी नसतं.

उंचीबरोबर तापमान दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. ९५० मीटरच्या हेल्व्हेलिनवर दरीपेक्षा पाच अंश कमी, वर वारा आणि घामानं ओले कपडे. धावणारा माणूस धावतोय तोवर उबदार असतो. थांबला, किंवा नकाशासाठी रेंगाळला, की काही मिनिटांत बोटं जुमानेनाशी होतात, आणि थंडीनं बधिर झालेला माणूस नकाशा वाचू शकत नाही. जॅकेट धारेवर पोचल्यावर नाही, पोचायच्या आधी आडोशाला चढवा. डोंगरासाठीचा खास हवामान अंदाज मेट ऑफिस आणि माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिस देतात. शहराचा अंदाज बघून निघू नका.

मदत लागली तर ९९९ किंवा ११२ लावा, आधी पोलीस मागा, मग माउंटन रेस्क्यू. ही पथकं स्वयंसेवकांची आहेत आणि पैसे घेत नाहीत. फोनची रेंज पुरेशी नसली तरी एसएमएस जाऊ शकतो, पण त्यासाठी ९९९ वर आधी नोंदणी करावी लागते; ती घरूनच करून ठेवा. सहा अंकी ग्रिड रेफरन्स, म्हणजे नकाशावरच्या जागेचा आकड्यांतला पत्ता, सांगता आला पाहिजे. स्कॅफेल पाइकचा एनवाय २१५ ०७२, यावर सराव करा : आधी आडवे तीन अंक, मग उभे तीन. शिट्टीचा संकेत : मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा. उत्तर तीन शिट्ट्यांचं येतं.

मेंढ्यांचा विणीचा हंगाम वसंतात असतो, तेव्हा कळपापासून लांबून जा. दगडी भिंतींवर चढायचं नाही, पायऱ्या किंवा फाटक शोधायचं, आणि फाटक जसं होतं तसं सोडायचं.

पहिली शर्यत

'एस' किंवा छोटी 'एम', 'बी' चढाची, 'पीएम' खूण असलेली निवडा. मार्ग आधी जाऊन बघता आला तर उत्तम. रेकी करणं इथे लबाडी समजत नाहीत, शहाणपण समजतात. त्यानंतर एखादी छोटी 'एनएस'. दोन दिवसांच्या माउंटन मॅरेथॉन, म्हणजे तंबू पाठीवर घेऊन जोडीनं करायच्या शर्यती, त्याच्याही नंतर. १९६८ पासून चालत आलेली ओएमएम, म्हणजे ओरिजिनल माउंटन मॅरेथॉन, ही त्यातली जुनी. तिच्यात गुणांचा वर्गही असतो, त्यात ठरलेल्या वेळेत जमतील तेवढ्या चौक्या करायच्या. नवख्याला तो ठरलेल्या मार्गापेक्षा सोयीचा, कारण थकलात तर घरचा रस्ता धरता येतो.

शर्यतीत सगळ्यात मोठा मोह पुढच्याच्या पाठीमागे मेंढरासारखं जायचा. पुढचा माणूस स्थानिक असेलही, किंवा तोही त्याच्या पुढच्याच्या मागे निघालेला असेल. मागे जा हवं तर, पण अंगठा सरकवत. तो चुकला तर तुम्हाला ते त्याच्या आधी कळलं पाहिजे.

आणि मध्येच सोडावं लागलं तर अंतिम रेषेवर जाऊन, किंवा कुणाकरवी निरोप धाडून, तुमचा क्रमांक आयोजकांना कळवा. परस्पर गाडीत बसून घरी जाऊ नका. २०१२ मध्ये लेक डिस्ट्रिक्टमधल्या एका शर्यतीत एका धावपटूचा थंडीनं मृत्यू झाला आणि त्यानंतर चौक्यांवरची मोजणी फार कडक झाली. तुमचा क्रमांक जुळला नाही तर रात्री, पावसात, स्वयंसेवक तुम्हाला शोधायला डोंगरावर चढतील.